पावसाळा हुकलेली पदवी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीसाठी परवानगी मागताना जो पर्यावरण आघात अहवाल सादर झाला होता, त्यात परिसरातले पक्षी स्प्रूस आणि बर्चच्या जंगलात राहतात असे नमूद होते. ही झाडे थंड प्रदेशातली. आंबा, काजू आणि किंजळीच्या मुलखाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. रशियातल्या एका खाणीच्या अहवालातून तो मजकूर जसाच्या तसा उचललेला होता. ही चोरी पकडली ती पर्यावरण कार्यकर्त्यांनी. प्रकरण गाजले, चोरी करणाऱ्यांना शिव्याशाप मिळाले आणि दीड दशक उलटून गेल्यावर सगळे विसरलेही. पण त्या वेळी विचारायचा राहून गेलेला प्रश्न आज अधिक बोचरा झाला आहे. तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत असताना, ‘कोकणात हे झाड आले कुठून?’ असे विचारणारा एकही माणूस वाटेत का बसलेला नव्हता?

असा माणूस घडवण्याची जागा म्हणजे जीवशास्त्राची एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र असो, प्राणिशास्त्र असो की त्यांच्या नव्या शाखा, समोरचा जीव कोणता, तो इथे का आहे आणि नसेल तर का नाही, एवढे खात्रीने सांगता येणे ही या पदवीची किमान अट. महाराष्ट्रात ही अट आता कागदावरही धड उरलेली नाही. महाविद्यालये वाढली, अभ्यासक्रमांची नावे झकपक झाली, गुणपत्रिकेवर श्रेयांकांची रेलचेल झाली. पण वेलीचे पान हातात घेऊन तिचे कुळ सांगणारा विद्यार्थी दुर्मीळ झाला. त्याला ते शिकवू शकणारे प्राध्यापक तर निवृत्तीच्या रांगेत आहेत. पुढल्या काही वर्षांत ही साखळी तुटली तर ती सांधणारे कोणी उरणार नाही. धोक्याची घंटा वाजवायची ती याचसाठी.

हा केवळ पानाफुलांच्या हौशीचा मामला असता तर एवढा आरडाओरडा करण्याचे कारण नव्हते. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडताप येऊन थडकला. काजूच्या बागेत राबणारी माणसे तापाने फणफणली, काही दगावली. हा आजार पसरतो गोचिडीमार्फत, पण गोचिडीच्या सगळ्या जाती तो पसरवत नाहीत. जंगलात मेलेल्या माकडाभोवतीच्या पाचोळ्यातून गोचिड्या वेचायच्या, भिंगाखाली धरायच्या आणि त्यातली धोक्याची कोणती ते सांगायचे, हे काम डॉक्टरचे नव्हे, प्राणिशास्त्रज्ञाचे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात याच तापाने माकडे मरू लागली तेव्हा पुण्यातले विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, त्या विषाणूपर्यंत आणि त्याच्या वाहकापर्यंत पोहोचू शकले, कारण तिथे वैद्यकाच्या जोडीला कीटक, गोचिड्या, उंदीर आणि पक्षी ओळखणारी माणसे होती. मुंबई राज्याच्या मलेरिया विभागात उमेदीची वर्षे घालवलेले कीटकशास्त्रज्ञ टी. रामचंद्र राव पुढे याच संस्थेचे संचालक झाले आणि भारतातल्या ॲनोफिलिस डासांवरचा त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. देशात ॲनोफिलिसच्या सुमारे 60 जाती आहेत. त्यातल्या जेमतेम सहा मलेरियाच्या मुख्य वाहक. गडचिरोलीच्या जंगलातला वाहक वेगळा, मुंबईच्या गच्चीवरच्या टाकीत वाढणारा वेगळा. दोघांच्या सवयी वेगळ्या, म्हणून उपायही वेगळे. हा फरक ज्याला कळत नाही तो धूर सोडत फिरतो आणि डास हटत नाहीत.

महाराष्ट्राला ही परंपरा उसनी आणावी लागलेली नाही. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत असताना सह्याद्रीत भटकले आणि तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत असलेल्या गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचा भाऊबंद त्यांना इथल्या पाण्यात सापडला. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 1946 मध्ये पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे. त्याच संस्थेतल्या वा. द. वर्तकांनी माधव गाडगीळ यांच्यासोबत 1970 च्या दशकात गावोगावच्या देवराया पालथ्या घातल्या. आज देवराईत काय घटले, काय टिकले हे सांगायचे तर तुलनेला त्याच नोंदी लागतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह 1906 पासूनचा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाने कंदीलपुष्पांपासून गवतांपर्यंत अनेक जाती प्रथमच शास्त्राच्या दप्तरी नोंदवल्या आणि दुर्मीळ झाडे आपल्या उद्यानात जगवली. काम संपलेले नाही, याचे पुरावेही ताजे आहेत. आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडात पिढ्यानपिढ्या लोकांनी पाहिलेला एक छोटा मासा 2020 मध्ये नवी जाती म्हणून जाहीर झाला आणि वर्षभरात तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ ठरला. युनेस्कोने 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा मानले, त्यातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आपल्या राज्यात आहेत. एवढी मालमत्ता ज्या घरात आहे, त्या घरात तिची मोजदाद करणारा कारकूनही नेमलेला नसावा, अशी आपली अवस्था आहे.

ही अवस्था एका दिवसात आली नाही. तिची सुरुवात बारावीच्या ‘बी ग्रुप’पासून होते. दरवर्षी देशात 22 लाखांहून अधिक मुले ‘नीट’ देतात आणि एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आतबाहेर. या मुलांनी दोन-तीन वर्षे जीवशास्त्र वाचलेले असते ते चार पर्यायांतून एक निवडण्यासाठी. ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली महाविद्यालयात पाऊल न टाकता प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण मिळवण्याची सोय आता कोणाला खटकतही नाही. परीक्षेत मागे पडलेली मुले दंतवैद्यक, आयुर्वेद, फार्मसी, नर्सिंग अशा पायऱ्या उतरत शेवटी बी.एस्सी.ला पोहोचतात. डॉक्टरकी हुकल्याचे दुःख उराशी धरून आलेल्या मुलाला बेडकाचे जीवनचक्र विलक्षण वाटावे, यासाठी समोर तितकाच विलक्षण शिक्षक हवा. आणि खरी गळती आहे ती तिथेच.

आपल्याकडे एम.एस्सी. शिकवणारी बहुतांश केंद्रे विद्यापीठाच्या आवारात नाहीत, संलग्न महाविद्यालयांत आहेत. आणि त्यातले बरेच अभ्यासक्रम कायम विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. याचा रोखठोक अर्थ असा, की शासन त्यांच्यासाठी एकही पद देत नाही. पदवीचे प्राध्यापक आपला कार्यभार सांभाळून पदव्युत्तर तास घेतात, उरलेले तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या गळ्यात पडतात. या शिक्षकाला तासावर पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने अडकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. हाताशी पीएच.डी. आहे, सेट-नेट आहे, वय चाळिशीला टेकले आहे आणि पुढल्या जूनमध्ये पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभे राहायचे आहे. अशा माणसाने विद्यार्थ्यांना घेऊन चार दिवस तिलारीच्या खोऱ्यात जावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? जंगलातल्या दिवसाला तासिका म्हणायचे की नाही, हेच अनेक ठिकाणी ठरलेले नाही. भरतीवरची बंदी, अर्धवट उठवलेली बंदी, मंजूर झालेली पण न भरलेली पदे, आरक्षणाच्या बिंदुनामावलीवरून न्यायालयात अडकलेल्या जाहिराती, असा हा घोळ दशकभर चालू आहे. वर्गीकरणशास्त्राचा एक प्राध्यापक निवृत्त होतो तेव्हा रिकामी होते ती केवळ एक खुर्ची नव्हे. त्याने चाळीस वर्षे पायी हिंडून डोक्यात साठवलेला जिल्हा त्याच्यासोबत घरी जातो.

प्रयोगशाळेची कथा वेगळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून प्राण्यांचे विच्छेदन थांबवले. त्यामागची भूमिका रास्त होती; परीक्षेसाठी बेडूक आणि मासे घाऊक मारण्याचे समर्थन कोणीही करू नये. पण विच्छेदनाच्या जागी जिवंत प्राण्याचे त्याच्या अधिवासातले निरीक्षण यायला हवे होते. आला तो पडद्यावरचा चलच्चित्रपट. आजचा एम.एस्सी. विद्यार्थी बेडूक कापत नाही, हे ठीक. पण तो बेडूक पाहतही नाही. नव्या रचनेत 88 श्रेयांक आहेत, संशोधनपद्धतीचे चार, कार्यानुभवाचे चार, शोधप्रकल्पाचे त्याहून अधिक. कागदावर हे सारे देखणे आहे. मात्र तालुक्याच्या गावी कार्यानुभव कुठे मिळणार? मग गावातल्या पॅथॉलॉजी लॅबचे किंवा ओळखीच्या रोपवाटिकेचे प्रमाणपत्र आणले जाते, शिक्का बसतो, श्रेयांक जमा होतात. शोधप्रकल्पात कोणत्या तरी पानाचा अर्क कोणत्या तरी जिवाणूवर टाकून भोवतीचे वर्तुळ मोजायचे, हा वर्षानुवर्षे पुरणारा ठरीव साचा. ते पान खरोखर त्याच झाडाचे आहे का, याची खात्री करायलाही विभागात कोणी नसते.

आता या दुखण्यावर एक नवा घाव बसू पाहतो आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्याला एका वर्षात एम.एस्सी. करता येईल. महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना 2023-24 मध्ये सुरू झाली. म्हणजे तिथली पहिली तुकडी 2027 मध्ये या एक वर्षाच्या पदवीच्या दारात उभी असेल. संगणकशास्त्रात किंवा गणितात यामुळे काय होईल ते त्या त्या विषयाच्या जाणकारांनी सांगावे. सह्याद्रीच्या जीवशास्त्रात काय होईल हे मात्र दिनदर्शिका काढून बसलेल्या कोणालाही कळेल. वळवाच्या सुमारास काजवे चमकतात. जूनच्या पहिल्या सरींबरोबर बेडूक ओरडू लागतात, जमिनीतल्या कंदांना पाने फुटतात, जांभ्याच्या सड्यावर खेकडे बाहेर पडतात. सडे फुलतात ते ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. दिवाळीनंतर तिथे वाळलेले गवत असते. या चार-पाच महिन्यांत जे पाहायचे राहिले ते पुढल्या पावसापर्यंत राहिले. आणि आपले प्रवेश कधी होतात? निकाल लांबतात, प्रवेशाच्या फेऱ्या चालतात, ऑगस्ट उजाडतो, काही ठिकाणी सप्टेंबर. पहिल्या सत्रात सहल काढायची तर परीक्षेचे वेळापत्रक आडवे येते. दोन वर्षांच्या पदवीत निदान एक पूर्ण पावसाळा हाती लागायचा. एक वर्षाच्या पदवीत पावसाळ्याचे शेपूट दिसेल आणि मे महिन्यात पदवी हातात पडेल. सह्याद्रीचा पाऊस न पाहिलेला सह्याद्रीचा जीवशास्त्रज्ञ, असा विक्रम आपल्या नावावर जमा होईल.

चौथ्या वर्षात संशोधन होणारच आहे, मग घाबरायचे कशाला, असे यावर उत्तर मिळते. संशोधनासह ऑनर्सची परवानगी मिळायला विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. जिथे अख्खा विभाग एका कायम प्राध्यापकावर आणि तीन तासिकांवर चालतो, तिथे ते आणायचे कुठून? दुसरे उत्तर अधिक चकचकीत आहे. आता डीएनए तपासून जाती ओळखता येतात, मोबाइलवर फोटो काढला की झाडाचे नाव कळते, मग पान चुरगाळून वास घेणारे जुने पंडित हवेत कशाला? हे बोलणारे एक विसरतात. डीएनएचा तुकडा ज्या नमुन्याशी ताडून पाहायचा, त्या नमुन्यावर आधी कोणीतरी बरोबर नाव लिहिलेले असावे लागते. मोबाइलमधले ॲपही माणसांनी नावे दिलेल्या फोटोंवरच शिकते. संदर्भच चुकीचा असेल तर यंत्र चूक अधिक वेगाने आणि अधिक आत्मविश्वासाने करील. सह्याद्रीतल्या गवतांचे, बुरशीचे, कोळ्यांचे, गोगलगायींचे असे पक्के संदर्भ अजून पुरेसे तयारच झालेले नाहीत.

तिसरे उत्तर बाजाराचे. या विषयाला मागणी नाही, मुले येत नाहीत, मग तुकड्या बंद करा. मुले का येत नाहीत याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. एम.एस्सी. झाल्यावर सीएसआयआरची नेट द्यायची. 2024 च्या जूनमधली ही परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली गेली आणि महिनाभराने झाली. कनिष्ठ संशोधकवृत्ती मिळाली तर महिना 37 हजार रुपये. पण ती मिळते मोजक्यांना, आणि मिळूनही पैसे वेळेवर येतील याची हमी नाही. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर उपोषणाला बसावे लागल्याचे चित्र सगळ्यांनी पाहिले आहे. वनसेवेच्या परीक्षेला अभियंतेही पात्र, त्यामुळे तिथे जीवशास्त्राच्या पदवीला वेगळे वजन नाही. मग हुशार एम.एस्सी. जातो कुठे? लातूर-नांदेडच्या ‘नीट’च्या क्लासमध्ये. तिथे त्याला प्राध्यापकापेक्षा चांगले पैसे मिळतात आणि तो आणखी हजार मुलांना चार पर्यायांतून एक निवडायला शिकवतो. चक्र पूर्ण होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. घर त्यालाही चालवायचे आहे.

गंमत अशी, की मागणी नाही हे खरेच नाही. कायद्याने मागणी आहे, फक्त ती भागवायची कोणाची इच्छा नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. महाराष्ट्रात ग्रामपंचायती आहेत सुमारे 28 हजार. वर्षानुवर्षे यंत्रणा ढिम्म राहिल्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि त्यानंतर कुचराई करणाऱ्या राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. हजारो गावांच्या रानभाज्या, मासे, गवते आणि औषधी वनस्पती काही महिन्यांत नोंदवायला लागणारी जाणकार माणसे कुठून आली, हे कोणी विचारले नाही. एका गावाची यादी दुसऱ्या गावाला चिकटवल्याच्या तक्रारी या क्षेत्रातली माणसे तेव्हापासून करत आहेत. रत्नागिरीतले स्प्रूस आणि या याद्या एकाच जमिनीत उगवले आहेत.

तिकडे दिल्लीत भाषा मोठी आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायो-ई3’ धोरणाला मंजुरी दिली. 2030 पर्यंत 300 अब्ज डॉलरच्या जैवअर्थव्यवस्थेचे लक्ष्य आहे. संशोधनासाठी नवे राष्ट्रीय प्रतिष्ठान उभे राहिले, पाच वर्षांत 50 हजार कोटींची घोषणा झाली, त्यातला मोठा वाटा मात्र खासगी क्षेत्राकडून यायचा आहे. संशोधन-विकासावरचा देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्क्यांवर रेंगाळलेला आहे. जैवअर्थव्यवस्थेचा कच्चा माल म्हणजे जीव. आणि कोणता जीव कुठे आहे हे सांगणारी माणसे तालुक्याच्या महाविद्यालयातून तयार होत नसतील, तर हे इमले वाळूवर उभे आहेत.

उपाय माहीत नाहीत अशातला भाग नाही. पहिला, पदव्युत्तर जीवशास्त्राच्या केंद्रांना स्वतंत्र मंजूर पदे द्या. जिथे ती देता येत नाहीत तिथली केंद्रे जवळच्या चांगल्या केंद्रात विलीन करा. अर्धपोटी चाळीस विभागांपेक्षा भरल्या ताटाचे दहा बरे. दुसरा, पदव्युत्तर प्रवेश जूनच्या पहिल्या आठवड्यात संपवा आणि जीवशास्त्राचे पहिले सत्र पावसाळ्याभोवती बांधा. क्षेत्रकार्याला श्रेयांक, शिक्षकाला त्या दिवसांचे मानधन आणि विद्यार्थ्याला प्रवासखर्च मिळायला हवा. तिसरा, एक वर्षाच्या एम.एस्सी.चा पर्याय जीवशास्त्रात तूर्त थांबवा. निदान एक पूर्ण पावसाळा क्षेत्रात घालवल्याशिवाय पदवी देऊ नका. चौथा, प्रत्येक जिल्ह्यात शासनाने जीवशास्त्रज्ञाचे पद निर्माण करावे. आरोग्य, वन, कृषी आणि महापालिका यांना मिळून त्याचा उपयोग होईल. ही फक्त 36 पदे आहेत. राज्याच्या तिजोरीला त्याचा ओरखडाही पडणार नाही. ग्रामपंचायतींच्या नोंदवह्यांची फेरतपासणी हे त्यांचे पहिले काम असावे आणि ती एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांकडून, मानधन देऊन करून घ्यावी. पाचवा, महाविद्यालयांच्या कपाटांत कसर खात पडलेले वनस्पतिसंग्रह आणि प्राणिसंग्रह वाचवा, त्यांची छायाचित्रे काढा आणि निवृत्त प्राध्यापकांना सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून नावे तपासून घ्या. ही माणसे अजून आहेत, चालतीबोलती आहेत. आणखी दहा वर्षांनी हा पर्यायही उरणार नाही.

यातली एकही मागणी महागडी नाही. रस्त्याच्या एका उड्डाणपुलाच्या खर्चात हे सारे बसते. अडचण पैशाची नसून प्राधान्याची आहे, आणि ती दूर करणे उच्च शिक्षण खात्याच्या हातात आहे. 2027 चा जून दूर नाही. त्याआधी विद्यापीठांच्या विद्वत्परिषदांनी आणि मंत्रालयाने जीवशास्त्राच्या पदव्युत्तर रचनेचा फेरविचार जाहीर केला नाही, तर पुढल्या खाणीच्या, धरणाच्या किंवा साथीच्या अहवालात कोणत्या परदेशी झाडांची जंगले कोकणात उगवली आहेत हे वाचून कोणी दचकू नये. ती तिथे आपणच लावलेली असतील.